ते आले. चहा.

माझे मोठे मामा ‘होम’मध्ये होते. आमच्याकडे एवढंच सांगायची पद्धत. लग्नाकार्यात कुणी विचारलं, ‘भाऊ कुठे असतात तुमचे?’ की आई म्हणायची, ‘दिल्लीला, होममध्ये,’ आणि समोरच्याचा पुढचा प्रश्न यायच्या आत मठ्ठ्याचं भांडं पुढे सरकवायची. लहानपणी मला बरेच दिवस वाटायचं की मामा घरीच असतात.

आय.बी., म्हणजे गृहखात्यातला इंटेलिजन्स ब्युरो, देशातल्या गुप्त बातम्या काढणारा. हा शब्द घरात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला गेला तो मामा रिटायर होऊन सातारला आल्यावर. मी तेव्हा कॉलेजात होते. मागच्या पडवीत ते घेवडा निवडत बसले होते. शेंगेचं टोक मोडायचं, शीर ओढायची, पूर्ण निघाली का ते उजेडाकडे धरून बघायचं, नसेल तर उलट्या बाजूने पुन्हा ओढायची. शिरांचा हिशेब कुणाला तरी द्यायचाय अशा बेताने चाललं होतं. मी धीर करून विचारलं.

‘मामा, तुम्ही नक्की करायचात काय?’

‘लिहायचो.’

‘काय?’

‘कळलेलं.’

‘आणि मग?’

‘मग वाट बघायची. कुणी वाचतंय का याची.’

एवढं बोलून त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. उरलेल्या शेंगा मला निवडाव्या लागल्या.

त्यांच्या तोंडून बड्या अधिकाऱ्याचं नाव मी एकदाच ऐकलं. जानेवारी २००२. पेपरात आतल्या पानावर छोटीशी बातमी होती. मामांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘काव साहेब गेले.’ त्यांच्या हाताखाली मामांनी कधी काम केलेलं नव्हतं. काव बाहेरच्या देशांचं बघणारे, मामा आतलं. तरी त्या दिवशी ते फिरायला गेले नाहीत.

त्या न गेलेल्या फेरीमुळे मी रामेश्वरनाथ काव या माणसाच्या मागे लागले. जिथे जे मिळेल ते वाचत गेले. इंग्रजी स्पेलिंगमुळे बरेच जण काओ म्हणतात, आडनाव काव. काश्मिरीत काव म्हणजे कावळा. आपल्याकडे कावळा अंगणात ओरडला की पाहुणा येणार म्हणतात. बातमी आणणारा पक्षी, आणि बहुतेक वेळा शुकशुक करून हाकलला जाणाराही. परदेशात हेरगिरी करणाऱ्या रॉ या संस्थेच्या संस्थापकाला याहून चपखल आडनाव मुद्दाम शोधून मिळालं नसतं.

जन्म १० मे १९१८, बनारसचा, काश्मिरी पंडितांच्या घरातला. वडील लवकर गेले, काकांनी वाढवलं. शाळा झाली बडोद्याला. म्हणजे सयाजीरावांच्या बडोद्यात, जिथे तेव्हा बाजारातही मराठी कानावर पडत असणार. पुढे लखनौला बी.ए., अलाहाबादला इंग्रजी साहित्यात एम.ए. मधे काही दिवस एका सिगारेट कंपनीत नोकरी. १९४० मध्ये इंडियन पोलीसमध्ये निवड, पहिली नेमणूक कानपूरला. स्वातंत्र्याच्या सुमारास इंटेलिजन्स ब्युरोत आले, आणि तिथे त्यांच्याकडे आलं ते बड्या लोकांच्या सुरक्षेचं काम. पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेचंही. हे काम लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यावं लागणार आहे.

हेर म्हटलं की मराठी माणसाला बहिर्जी नाईक आठवतो, वेष पालटून गावोगाव फिरणारा. काव त्या जातकुळीतले नव्हते. नेटका सूट, हळू आवाज, फोटो काढून घ्यायचा कंटाळा. खुर्चीत बसून काम करणारा माणूस. पण त्या खुर्चीत पोचायच्या आधी त्यांनी एक तपास केला, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यात बीजरूपाने आहे.

११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचं कॉन्स्टेलेशन जातीचं विमान, नाव ‘काश्मीर प्रिन्सेस’, हाँगकाँगहून जकार्ताला निघालं. बांडुंगची आशियाई-आफ्रिकी परिषद आठवड्यावर आली होती. विमानात चिनी शिष्टमंडळातली माणसं आणि काही पत्रकार, असे अकरा प्रवासी. कर्मचारी आठ. चीनचे पंतप्रधान चाउ एन लाय याच विमानाने जाणार असा समज होता. ते आलेच नाहीत. विमान साधारण अठरा हजार फुटांवर असताना उजव्या पंखाच्या बाजूला, चाकाच्या खणात स्फोट झाला. इंधनाच्या टाकीने पेट घेतला. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांनी तशा अवस्थेत विमान समुद्रावर उतरवायचं ठरवलं. रेडिओ बंद पडायच्या आधी तीनदा धोक्याचा संदेश गेला, नातुना बेटांजवळची जागा सांगून. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी धुरात प्रवाशांना लाइफ जॅकेट वाटत होत्या.

वाचले तिघे. दीक्षित, पाठक आणि मेंटेनन्स इंजिनिअर अनंत श्रीधर कर्णिक. कित्येक तास अंधारात पोहत ते किनाऱ्याला लागले. सोळा जण गेले. जटारांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. जटार, कर्णिक ही नावं वाचताना मी थांबले होते, ते कबूल करते. दक्षिण चीनच्या समुद्रातली गोष्ट एकदम शनिवार पेठेतली वाटायला लागली. आणि गंमत अशी की आमच्या शाळेच्या पुस्तकांत हे दोघे मला कधी भेटले नाहीत.

चाउ एन लाय यांनी नेहरूंना सांगितलं, तपासात आपला माणूस द्या. नेहरूंनी छत्तीस वर्षांच्या कावांना पाठवलं. आता ही कामगिरी किती तिरपागडी होती बघा. विमान भारताचं, मेलेले प्रवासी बहुतेक चीनचे, बॉम्ब ठेवला गेला ब्रिटिशांच्या हाँगकाँगमध्ये, अवशेष इंडोनेशियाजवळ, आणि संशय चँग कै शेकच्या तैवानवर. चिन्यांचा ब्रिटिशांवर विश्वास नाही, ब्रिटिशांचा चिन्यांवर नाही. मधे हा इंग्रजी साहित्याचा एम.ए. दोघांकडे जातो, दोघांचं ऐकून घेतो, एकाने सांगितलेलं दुसऱ्यापुढे किती मांडायचं ते ठरवतो. अवशेषांत घड्याळाच्या यंत्राचे पिळवटलेले तुकडे मिळाले, अमेरिकी बनावटीच्या डिटोनेटरचे. संशयित होता हाँगकाँगच्या विमानतळावर सफाईचं काम करणारा एक माणूस. तो तोवर विमानात लपून तैवानला पसार झाला होता. तैवानने त्याला परत दिलं नाही. म्हणजे तपास लागला आणि आरोपी मिळाला नाही. या धंद्यात याला यश म्हणतात.

चाउंनी निरोपाच्या वेळी कावांना आपली खासगी मुद्रा भेट दिली. चिनी लोकांत मुद्रा म्हणजे सही. स्वतःची सही देऊन टाकण्याएवढा विश्वास.

पण मला या प्रकरणात चटका लावून गेलं ते दुसरंच. चीनने नंतर जाहीर केलं की आदल्या दिवशी आम्ही बीजिंगमधल्या ब्रिटिश प्रतिनिधीला इशारा दिला होता. ब्रिटिशांच्या मते तो इशारा तेवढा नेमका नव्हता. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असतील. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला होता, एवढं नक्की. मामांचं ‘वाट बघायची’ मला इथे पहिल्यांदा कळलं.

मधली वर्षं भराभर सांगते. घानाचे एनक्रुमा यांना स्वतःची गुप्तवार्ता यंत्रणा हवी होती, ती उभारायला काव तिकडे गेले. १९६२ च्या चीन युद्धात आपली फजिती झाल्यावर एव्हिएशन रिसर्च सेंटर निघालं, विमानांतून टेहळणी करणारं. त्याचे पहिले प्रमुख काव. १९६५ च्या युद्धातही बातम्या तोकड्या पडल्या. मग इंदिरा गांधींनी परदेशातली हेरगिरी आय.बी.कडून काढली आणि २१ सप्टेंबर १९६८ ला रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग, म्हणजेच रॉ, सुरू केली. सुरुवातीला माणसं अडीचशे, बजेट सुमारे दोन कोटी. नावात हेर, गुप्त असलं काही नाही. विद्यापीठातला एखादा विभाग वाटावा. प्रमुखाचं पदही नुसतं ‘सचिव (आर)’, कॅबिनेट सचिवालयात. होममध्ये असणं यापुढे काहीच नाही.

तीन वर्षांत १९७१ आलं, बांगलादेशचं युद्ध. मुक्तिवाहिनीच्या तयारीत रॉ होती, सीमा सुरक्षा दल होतं. त्या दलाचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी आपल्या कामठीत जन्मलेले, नागपुरात शिकलेले. तेही एके काळी नेहरूंच्या सुरक्षेत होते. पण मला त्या युद्धातली गोष्ट आवडते ती तारखेची. कावांच्या सहकाऱ्यांनी पुढे सांगितलेली ही हकीकत. पाकिस्तानातल्या त्यांच्या माणसाने कळवलं, १ डिसेंबरला हवाई हल्ला होणार. हवाई दल सज्ज होऊन बसलं. १ तारीख गेली, काही नाही. २ तारीख गेली, काही नाही. वैमानिकांना असं अहोरात्र तंगवून ठेवता येत नाही. हवाई दलप्रमुख पी. सी. लाल म्हणाले, आता पुरे. काव म्हणाले, आणखी एक दिवस.

एक दिवस! हातात दुसरा पुरावा नाही. तारीख एकदा चुकलेली आहे. अशा वेळी समोरच्याने का ऐकावं? लालांनी ऐकलं. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानं आपल्या तळांवर आली, आणि आपण झोपेत सापडलो नाही. तेरा दिवसांनी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. श्रेय कावांना द्यायला सगळे तयार असतात. मी अर्धं लालांना देईन. बातमी चुकीची ठरत असताना तिच्यावर आणखी एक रात्र काढणं हे बातमी आणण्याइतकंच कठीण.

कारण तीन वर्षांनी त्याच ढाक्यात उलटं झालं. डिसेंबर १९७४ मध्ये काव स्वतः बांगलादेशच्या मुजीबुर रहमानना भेटायला गेले. घरात नको, बाहेर बागेत बोलू म्हणाले. तुमच्या जिवावर उठायचा कट शिजतोय, सैन्यातली माणसं आहेत, हे सांगितलं. मुजीबनी हसण्यावारी नेलं. ती माझीच मुलं आहेत, मला काही करणार नाहीत, अशा अर्थाचं उत्तर कावांनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय. १९७५ च्या मार्चमध्ये त्यांनी आणखी एक वरिष्ठ अधिकारी पाठवला, जास्त तपशील देऊन. १५ ऑगस्टच्या पहाटे धानमंडीच्या घरात मुजीब आणि त्यांचं जवळजवळ सगळं कुटुंब मारलं गेलं. दोन मुली परदेशात होत्या म्हणून वाचल्या.

त्या बागेतल्या चार पावलांचा विचार मी अनेकदा केलाय. आपण दुसऱ्या देशाच्या प्रमुखासमोर उभे आहोत, खिशात जी बातमी आहे ती शंभर टक्के खरी आहे, आणि ती ऐकून समोरचा माणूस आपली समजूत घालतोय. पुढे काय बोलायचं? आवाज चढवायचा? काव आवाज चढवणारे नव्हते. बहुधा नमस्कार करून निघाले असतील.

सिक्कीमबद्दल मात्र माझं मन साफ नाही. १६ मे १९७५ ला ते भारताचं बाविसावं राज्य झालं आणि त्यात रॉचा हात होता, हे आता उघड गुपित आहे. कुणी त्याला रक्ताचा थेंब न सांडता मिळालेलं यश म्हणतं. मला त्या छोट्या राजवाड्यातल्या चोग्यालची, म्हणजे तिथल्या राजाची, बाजूही ऐकू येते. चांगलं काम आणि बरोबर काम या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कावांनी पहिलं केलं, दुसऱ्याबद्दल मी गप्प बसते.

मग आणीबाणी, आणि १९७७. काव इंदिराबाईंचे खास, म्हणून रॉही त्यांचीच, असं नव्या जनता सरकारने धरलं. मोरारजींच्या मनात एकदा बसलं की बसलं, हे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनापासून आपल्याइतकं कुणाला ठाऊक? काव गेले. त्यांच्या जागी आलेल्या शंकरन नायरांचं पद सचिवावरून संचालकावर उतरवलं, तर त्यांनीही रामराम ठोकला. संस्थेची छाटणी झाली. कावांविरुद्ध काही सिद्ध झालं नाही. पण सिद्ध झालं नाही हे सांगायचं कुणी? कारकुनावर आळ आला तर तो फाइल काढून दाखवतो. यांनी काय दाखवायचं? बचावाचा प्रत्येक कागद म्हणजे कुठल्यातरी देशात कुणाच्यातरी गळ्याशी आलेली सुरी.

तरी एक गोष्ट टोचते. पंतप्रधानांच्या दारात थेट जाता येणं ही कावांची ताकद होती. त्याच दाराने त्यांना बदनामही केलं. सगळं एका माणसाच्या कानाशी जोडलेलं असलं की तो कान बदलला की सगळं गेलं. संस्था घडवणाऱ्या एवढ्या शहाण्या माणसाला हे दिसलं नसेल असं नाही. दिसूनही त्यांनी दुसरी वाट काढली नाही, असं मला वाटतं.

१९८१ मध्ये इंदिराबाईंनी त्यांना परत बोलावलं, सुरक्षा सल्लागार म्हणून. पंजाब पेटत होता. सुवर्णमंदिरातल्या कारवाईपर्यंत जे जे चुकत गेलं, त्यातला काही वाटा या सल्लागाराच्याही खात्यावर पडतो, तो मी माफ करणार नाही. त्या कारवाईनंतर पंतप्रधानांच्या रक्षकांत बदल करावेत असं सुरक्षा यंत्रणेचं म्हणणं होतं आणि इंदिराबाईंनी ते मानलं नाही, असं सांगितलं जातं. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी त्यांच्याच बागेत, त्यांच्याच दोन रक्षकांनी गोळ्या झाडल्या. पुन्हा बागच. ज्या माणसाची आय.बी.तली नोकरी नेहरूंच्या सुरक्षेने सुरू झाली, त्याच्या कामाची अखेर इथे झाली. त्यानंतर काव कायमचे बाजूला झाले.

निवृत्तीत ते घोडे घडवायचे. शिल्पं. मला हे वाचून हेमंत करकरे आठवले. तेही रॉमध्ये होते, ऑस्ट्रियात सात वर्षं. आणि त्याआधी चंद्रपूरला असताना जंगलातली वाळकी लाकडं आणून त्यातून काष्ठशिल्पं करायचे. दिवसभर जे काम करायचं ते कुणाला दाखवता येत नाही, म्हणून हाताला असं काहीतरी लागत असेल का, जे टेबलावर ठेवता येतं आणि पाहुण्याला म्हणता येतं, हे मी केलं? का दोघांना नुसता छंद होता? मामा असते तर म्हणाले असते, ‘छंदच असेल. प्रत्येकात काय शोधतेस?’

कावांनी उतारवयात टेपरेकॉर्डरवर आठवणी सांगितल्या आणि त्या दिल्लीच्या नेहरू स्मृती ग्रंथालयाकडे सोपवल्या, लगेच उघडू नका या अटीवर. म्हणजे शेवटचा अहवालही दिला, आणि वाट बघायचं काम आपल्यावर टाकून गेले.

आमच्या मामांनी टेप वगैरे काही केली नाही. ते गेले तेव्हा दहावा माहुलीच्या घाटावर झाला. कावळा पिंडाला लगेच शिवला. मामी म्हणाली, ‘काही राहिलं नव्हतं म्हणायचं.’ मला खरं सांगायचं तर थोडा रागच आला. काहीच राहिलं नव्हतं? आम्हाला सांगायचंसुद्धा?

तेराव्यानंतर त्यांचं कपाट काढलं. वरच्या खणात धुतलेले रुमाल, पेन्शनची फाइल, आणि सुतळीने बांधलेला कालनिर्णयचा गठ्ठा, सातारला आल्यापासून प्रत्येक वर्षाचा. चौकटीचौकटीत मामांचं बारीक अक्षर. ‘दूध १.’ ‘पेपर नाही.’ ‘पाणी उशिरा.’ आणि मधूनमधून, महिना-दीड महिन्याने: ‘ते आले. चहा.’

कोण ते? नाव नाही, आद्याक्षर नाही. माझा मामेभाऊ पुण्यात आयटीत आहे. त्याने फरशीवर मांडी ठोकून त्या सगळ्या तारखांची एक्सेल शीट केली. दोन नोंदींमधलं अंतर मोजलं. मग निवडणुका, स्फोट, दंगली, सगळ्यांच्या तारखा शेजारच्या कॉलममध्ये घातल्या. आम्ही दोघंही चाळिशीच्या पुढची माणसं, पण त्या दुपारी आमचा आवाज आपोआप बारीक झाला होता.

‘काय चाललंय एवढं?’ मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. आम्ही दाखवलं. तिने पदराने चष्मा पुसून वाचलं आणि हसायलाच लागली.

‘अगं, ते म्हणजे गॅसवाला! सिलिंडर घेऊन एवढा जिना चढून यायचा, म्हणून चहा द्यायचो.’

मामेभावाने लॅपटॉप मिटला. मी गठ्ठा परत बांधायला घेतला. बांधता बांधता एक पान हातात राहिलं, एका ऑगस्टचं. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही चौकटींत तेच. ते आले. चहा.

‘मामी, गॅसवाला लागोपाठ तीन दिवस कसा गं?’

मामीने पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

‘घेवडा आणलाय सकाळी,’ ती म्हणाली. ‘निवडायला घेतेस का जरा?’